खेकड्याचे मागचे दोन पाय

“आठ. आठच हाईत. तीनदा मोजलं मी. खेकड्याला दहा असतात, मास्तर. दोन कुठं गेले?”

पारिस मास्तर इतक्या मोठ्यानं ओरडत होते की त्यांच्या परसातल्या पेरूवरचे पोपट उडाले ते थेट संकेश्वरात जाऊन बसले. पुढं मला संकेश्वरचा एक माणूस भेटला. तो म्हणाला, व्हय, त्या दिवशी पोपट लई आलते. त्याचं नाव आता आठवत नाही. एरवी पारिस मास्तर म्हणजे वर्गात ‘बसा’ म्हणाले तर पहिल्या बाकावरच्यांनाच ऐकू जायचं, मागचे आपले पुढच्यांचं बघून बसायचे. नुसत्या आवाजानंही एखादा जीव दुखावेल, अशा बेतानं बोलणारा माणूस. तो भाद्रपदातल्या भर दुपारी, हातात भिंग घेऊन ओरडत होता, आणि तेही माझ्याकडं बघून. परसात आड होता, पेरू होता, दोरीवर वाळत घातलेली पांढरी फडकी होती. पण नजर माझ्यावर.

आता वीस वर्षं झाली असतील. मी निपाणी सोडून बेळगावात आलो, लढाई सुरू झाली, लढाई संपली, रॉकेलची रांग तेवढी अजून संपली नाही. तरी भाद्रपद आला, पाऊस दमून तासभर टेकला आणि ओल्या भिंतींवर ते तिखट ऊन पडलं, की माझ्या नाकात स्पिरिटचा वास येतो. स्पिरिट, गंज आणि त्याखाली कुठंतरी खारट, जुनं, कधीच न पाहिलेलं पाणी. शेजारच्या घरी नळाच्या तोंडाला फडकं बांधतात. ते फडकं उन्हात वाळताना दिसलं की मी थांबून त्यात काही अडकलंय का बघतो. शेजारीण माझ्याकडं संशयानं बघते. बघू दे. मला त्याची सवय आहे.

चित्र अजून माझ्याजवळ आहे. कागद पिवळा पडलाय, एका कोपऱ्यावर स्पिरिटचा डाग आहे, आणि खाली दोन सह्या आहेत. एक माझी, दुसरी पारिस मास्तरांची, कानडीत. ते चित्र कलकत्त्याला कधी गेलं नाही. दुसरी सही झाली तोवर फार उशीर झाला होता.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कोणावर आणि किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा कंग्राळीचा. आमच्या ओढ्यात एक खेकडा होता, तो नांगरणीच्या वेळी डाव्या बैलाचं शेपूट धरून तासामागनं चालायचा, आणि आमचे आप्पा ‘सोड’ म्हणाले की सोडायचा. ही गोष्ट मी निपाणीच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो त्याच्या पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत सांगितली. सगळे हसले. एकटे पारिस मास्तर, शास्त्राचे, गंभीरपणे म्हणाले, “बैलाचं शेपूट धरायचं म्हंजे खेकड्याची उंची दीड हात तरी पाहिजे.” मी म्हणालो, “दोन हात होती.” त्यांनी मान हलवली. पुढं आमची दोस्ती झाल्यावर त्यांनी मला न दुखावता सांगितलं की ते माझ्या प्रत्येक गोष्टीला चारानं भागतात. बाकीचे दहानं भागायचे. म्हणून मला हा माणूस आवडायचा.

पारिस मास्तर जैन, घर तंबाखूच्या व्यापाऱ्यांचं, पण यांना व्यापारात गती नव्हती. यांना वेड होतं ओळखण्याचं. किडा दिसला की तो कोणत्या कुळातला, पान दिसलं की कोणत्या गोताचं. स्वतः कधी काही मारलं नाही. वाळलेलं, मेलेलं, आपोआप पडलेलं तेवढंच उचलायचं. “मारणारा दुसरा. मी फक्त नाव विचारतो,” असं म्हणायचे. त्यांच्या टेबलावर चतुराच्या पंखांपासून गोगलगाईच्या शंखांपर्यंत सगळं होतं, आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात नावाची चिठ्ठी. त्यांची एकच इच्छा राहून गेलेली: ज्याला अजून कोणीच नाव दिलेलं नाही असं काहीतरी एकदा हातात यावं.

ते आलं वेंगुर्ल्याहून. मास्तरांचा कॉलेजातला एक सोबती समुद्राखालची तार दुरुस्त करणाऱ्या जहाजावर कारकून होता. खोल पाण्यातनं, दोनशे वावांवरनं, तार वर ओढताना तिला मिठी मारून बसलेला एक खेकडा वर आला. वर येईपर्यंत मेलेला. सोबत्याला मास्तरांची आठवण झाली. त्यानं खेकडा पत्र्याच्या डब्यात स्पिरिटमध्ये घातला, झाकणाला शिशाचा डाग देऊन बंद केला, रजेवर घरी येताना बरोबर आणला, आणि वेंगुर्ल्यात म्हादू ड्रायव्हरच्या हवाली केला. म्हादू निपाणीची तंबाखू घेऊन घाट उतरायचा आणि येताना मीठ, नारळ, सुकं काहीबाही घेऊन चढायचा.

आता वेंगुर्ला ते निपाणी म्हणजे किती राजे झाले बघा. इंग्रजांचा मुलूख, मग वाडीकरांचा, मग घाट, मग कोल्हापूरकरांचा, मग पुन्हा इंग्रज. प्रत्येक वेशीवर नाका, आणि प्रत्येक नाक्यावर एक नाक. डबा हलवला की आत डुचमळतंय, वास स्पिरिटचा, आणि म्हादू म्हणतोय आत खेकडा हाय. कोण विश्वास ठेवणार? एका नाक्यावर झाकणाचा डाग उकलून बघितला, दुसऱ्यावर नुसताच हुंगला, तिसऱ्यावर डबा तासभर आत नेऊन ठेवला आणि परत आला तेव्हा हलका लागत होता, असं म्हादूच म्हणाला. म्हादू हे सांगत होता तेव्हा त्याच्याही तोंडाचा मी बारकाईनं वास घेत होतो. संशय हा पडशासारखा असतो. एका नाक्यावर लागला की पुढच्या सगळ्यांना होतो.

डबा आला तो पर्युषण पर्वाच्या पहिल्याच दिवशी सकाळी. भाद्रपदातले ते दहा दिवस जैनांच्या घरी किती कडक असतात ते निपाणीत राहिलेल्याला सांगायला नको. मास्तरांच्या घरात कडक म्हणजे आक्का. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन परत आलेली, आईमागं भावाला वाढवलेली. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, मीही. त्यांच्या घरात दुहेरी पांढऱ्या फडक्यातनं गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब भांड्यात पडायचा नाही. आणि गाळून झालं की काम संपलं असं नाही. फडक्यात जे राहतं, दिसो न दिसो, त्यात जीव आहेत. ते फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं धुवायचं आणि ते पाणी जिथनं आलं तिथंच परत सोडायचं. आडातलं आडात, नदीतलं नदीत. तेही वरनं फेकायचं नाही. तळाला कडी असलेला एक पितळी गडू होता. तो दोरीनं आडात पाण्यापर्यंत सोडायचा, मग हिसका द्यायचा, की तो पाण्यावरच हलकेच उपडा होतो. एवढ्या उंचीवरनं पडून जीवांना लागू नये म्हणून. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा विचारलं, “आक्का, त्यात दिसत तर काय न्हाई.” आक्का म्हणाल्या, “तुमाला दिसत न्हाई.”

अशा घरात डबा आला. आक्कांनी परसाच्या दारातनंच विचारलं, “काय हाय त्यात?”

“खेकडा, आक्का. मेलेला हाय. मेलेलाच आलाय.”

“कुठला?”

“समुद्रातला. लई खोल पाण्यातला. कोणच्या जातीचा ते वळखायचंय.”

“डोळे हाईत?”

“हाईत. बारीक.”

“मग चार इंद्रियं तरी झाली,” आक्का म्हणाल्या, आणि जीव इंद्रियांवरनं मोजायच्या जैनांच्या रीतीनं त्यांच्यापुरतं वर्गीकरण तिथंच संपलं. अट घातली: घरात आणायचा नाही, परसातच ठेवायचा, आणि दहा दिवस त्याचं नाव त्यांच्यासमोर काढायचं नाही. मास्तरांनी मान्य केलं. मास्तरांनी आयुष्यात आक्कांची कुठलीही अट अमान्य केलेली मी ऐकली नाही.

झाकण काढलं. मास्तरांनी एकदा आत डोकावून बघितलं, त्यांचा चेहरा असा झाला की जणू देवळाचं दार उघडलंय, आणि ते शाळेतनं काचेची बरणी आणायला धावले. जाताना मला म्हणाले, “तुम्ही चित्र काढा. रंग उडायच्या आत. आणि हे बघा, मास्तर,” इथं ते थांबले, “जेवढं हाय तेवढंच काढा.”

पुढचा अर्धा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. माझ्या आयुष्यात असे अर्धे तास कमी. पाटीवर मी तो काढून ठेवला. शिळ्या शेंदराचा रंग, अंगभर बारीक लव, पाठ चौकोनी पेटीसारखी, कोळ्यासारखे लांब पाय. आमच्या ओढ्यातला खेकडा कसा, दिसल्याबरोबर भांडायला उठल्यासारखा. हा तसा नव्हता. जिथं ऊन कधीच पोचत नाही तिथला रहिवासी, भांडायला समोर कोण आहे हे दिसण्याचीच सोय नाही. हातात पेन्सिल होती आणि मी, म्हणजे मी, काही वाढवायला धजत नव्हतो. वाढवायला जागाच नव्हती. दोन नांग्या, त्यामागं पायांच्या तीन जोड्या, आणि शेवटची चौथी जोडी सगळ्यांपेक्षा वेगळी. दोऱ्याएवढे बारीक पाय, खाली नाहीत तर पाठीवर वळवून घेतलेले, आणि टोकाला आकडे. निपाणीच्या पेठेत हमाल पोतं पाठीवर घेताना दोन्ही हात मागं नेऊन पोत्याचे कान धरतात ना, हुबेहूब तसे. मी ते तसे काढले. दहाच्या दहा. एक केससुद्धा जास्त नाही. बरं, लव काढताना दोनचार केस जास्त झाले असतील. पाय नाही.

खेकडा वाळायला लागला म्हणून मी तो पुन्हा डब्यातल्या स्पिरिटमध्ये सोडला. मास्तर बरणी घेऊन आले. मी हात धुऊन पुढच्या ओट्यावर आलो. तिथं म्हादू भाकरी खाऊन परत घाट उतरायच्या तयारीत बसला होता. त्याला मी लोंढ्याच्या जंगलात वाघानं मला टपालाची पिशवी उचलून दिल्याची गोष्ट सांगत होतो. मागं परसात मास्तर डब्यातलं स्पिरिट बरणीत ओतत होते. ते गंजानं गढूळ झालेलं. आक्का दारातनं म्हणाल्या म्हणे, “गाळल्याबिगर वतू नको,” आणि एक फडकं पुढं केलं. मास्तरांनी बरणीच्या तोंडावर फडकं धरून डबा उपडा केला, फडक्यात घरंगळलेला खेकडा पाठीला धरून उचलला, बरणीत सोडला. फडक्यात नुसता गंज राहिला होता, असं त्यांनी मला नंतर शपथेवर सांगितलं. ते फडकं आक्का घेऊन गेल्या.

थोड्या वेळानं म्हादूची मोटर सुटली. सुटायच्या आधी मी बघितलं, त्याच्या मांडीवर एक छोटा गडू होता, तोंडाला फडकं घट्ट बांधलेला, आणि दोन हातांनी असा जपून धरलेला की जणू आत अंडी आहेत. त्याआधी मागच्या दारी आक्का त्याला हळू आवाजात काहीतरी बजावत होत्या. “वाकून,” एवढा एकच शब्द माझ्या कानावर आला. मला वाटलं, गाडीत बसताना डोकं आपटेल म्हणून सांगत असतील. आणि गडवाचं मला काय वाटलं ते सांगायला नकोच. नाक्यांवरचं उरलंसुरलं स्पिरिट, दुसरं काय.

दुपारी मास्तर भिंग घेऊन बसले, आणि पोपट उडाले.

आता संशयाची मजा बघा. माझ्या चित्रात दहा पाय, बरणीत आठ. म्हणजे एक तर मी दोन पाय चित्रात जास्त काढले, नाहीतर मी दोन पाय चोरले. थापाड्या की चोर, एवढंच ठरायचं होतं. माझी कीर्ती दोन्हीला पुरेशी होती. चोरी कशासाठी करीन, तर गंमत म्हणून. खेकड्याचे पाय चोरून त्यावर पुढं बारा वर्षं गोष्टी सांगत फिरणारा माणूस म्हणून मी शोभलो असतो, हे मलाही मान्य आहे. भिंगातनं बघितल्यावर मास्तरांना पाठीमागं दोन बारीक खड्डे दिसले. म्हणजे पाय होते खरे. पण ते सरळ चालायचे पाय होते की पाठीवर वळलेले आकड्याचे पाय होते, हे खड्ड्यावरून सांगता येत नव्हतं. आणि सगळं शास्त्र तिथंच अडलं होतं. चालायचे असतील तर हा एका कुळातला, साधा, आधीच नाव असलेला. पाठीवरचे असतील तर कूळच वेगळं, आणि कदाचित असा की ज्याला कोणी नावच दिलं नव्हतं.

“पोतं धरल्यासारखे होते, मास्तर,” मी म्हणालो. “हमालासारखे.”

“खेकडा समुद्राच्या तळाला काय तंबाखू उचलतोय?” मास्तर म्हणाले.

प्राणी ओळखायची एक रीत मास्तरांनी मला शिकवली होती. प्रश्न विचारत जायचं. पंख आहेत? नसतील तर दुसऱ्या प्रश्नाकडं जा. असं गाळत गाळत शेवटी एकच नाव उरतं. त्या दहा दिवसांत त्यांनी तीच रीत चोरावर लावली. त्यांची वही मी एकदा चोरून बघितली, म्हणजे चोरीचा आळ निदान तेवढ्यापुरता खरा झाला. त्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘१. शेपूट आहे: मांजर. शेपूट नाही: २ पाहा. २. तोंडाला स्पिरिटचा वास: म्हादू. वास नाही: ३ पाहा. ३. बोटाला पेन्सिलीचं शिसं:’ आणि पुढं काही लिहिलं नव्हतं. खाली दोनदा रेघ ओढली होती.

मी म्हादूवर संशय घेतला. म्हादूनं पुढच्या खेपेला नाकेवाल्यांवर घेतला. मास्तर वेंगुर्ल्याच्या सोबत्यावरसुद्धा घेऊन आले, की त्यानंच पाय तुटलेला खेकडा पाठवला असेल आणि लाजेनं लिहिलं नसेल. मांजराला तर आठवडाभर परसात पाऊल टाकता येईना. पेरूखाली बसून आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता चहा पीत होतो आणि दोरीवर ती फडकी वाळत होती. रोज तीच. स्वच्छ. आक्का सकाळी यायच्या, गडू आडात सोडायच्या, हिसका द्यायच्या, जायच्या. त्यांना कोणी विचारलं नाही. मास्तरांनी शब्द दिला होता, आणि आक्का तर यात कुठं बसतच नव्हत्या. शेपूट, वास, शिसं, काहीच नाही.

मी खरं सांगतोय, एवढंच सिद्ध करायचं होतं. आयुष्यात कधी लागली नव्हती ती गरज पडली, आणि तेव्हा कळलं की खरं सांगायचा आवाज मला येत नाही. ‘पाठीवर होते’ असं मी म्हणायचो आणि माझ्याच कानाला ते बैलाच्या शेपटीसारखं ऐकू यायचं.

मास्तरांनी खेकडा कलकत्त्याला पाठवला, तिथल्या जाणत्या साहेबांकडं. चित्र पाठवलं नाही. दिवाळीच्या सुमारास उत्तर आलं. मास्तरांनी ते मला वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर वाचून दाखवलं, इंग्रजीतनं मराठी करत, एकेक शब्द जपून. नमुना फार मोलाचा आहे, पण मागची जोडी नाही. एक कूळ असं आहे की ज्यातले खेकडे मागच्या दोन पायांनी पाठीवर स्पंजाचा तुकडा धरून हिंडतात, वरून कोणाला दिसू नये म्हणून. हा त्यातला असावा असं वाटतं. तसा असेल तर जात नवी आहे. पण पाय बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. ते पाय कोणा विश्वासू माणसानं समक्ष पाहिले होते काय? पाहिले असल्यास तुमच्या सहीनिशी चित्र पाठवावं, ते ग्राह्य धरू.

मास्तरांनी कागदावरनं मान वर केली. त्या वेळी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काहीतरी हललं. हमालाचं पोतं आणि स्पंजाचा तुकडा. एवढं जुळणं थापेत बसत नव्हतं.

मग ते डोळे पुन्हा मिटल्यासारखे झाले. “तुम्ही हे कुठं वाचलं होतं, मास्तर?”

“मी? मी इंग्रजी वाचत न्हाई हे तुम्हाला ठावं हाय.”

“कोणी सांगितलं असेल.”

“मला खेकड्याबद्दल कोण सांगणार? मीच सगळ्यांना सांगतो.”

हे मी बोलायला नको होतं.

तीन दिवस ते चित्र त्यांच्या टेबलावर पडून होतं, टाकाशेजारी. एक सही, एवढंच. नाव द्यायचं त्यांचं सगळं स्वप्न त्या एका सहीपाशी थांबलं होतं, आणि ती सही म्हणजे माझ्या शब्दाखाली त्यांचा शब्द. या माणसानं मला चारानं भागून का होईना पण चालवून घेतलं होतं. तीन दिवस ते भागत बसले असतील. चौथ्या दिवशी त्यांनी कलकत्त्याला उत्तर लिहिलं: विश्वासू साक्षीदार नाही.

मला राग आला नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते चारानं भागा.

कलकत्त्याचा अहवाल उन्हाळ्यात छापून आला. जाडजूड पुस्तक, त्यात एका ओळीत: निपाणीहून आलेला एक अपुरा नमुना, जात अनिश्चित. मास्तरांनी ती ओळ मला दाखवली नाही. शाळेच्या कपाटात पुस्तक ठेवलं त्यात मी ती स्वतः शोधून काढली. अनिश्चित. निपाणी हे नाव तेवढं नीट छापलं होतं.

मी पुढं कित्येकदा विचार केला, की त्या खोल अंधारात हा खेकडा पाठीवर काहीतरी धरून हिंडायचा, का, तर कोणी आपल्याला ओळखू नये. आणि वर आमच्याकडं ओळखायला माणसं भिंगं घेऊन बसली होती. त्याचं धरलेलं सुटलं, पाय सुटले, तरी तो ओळखू आला नाही तो नाहीच. मलाही पाठीवर धरून हिंडायची सवय. गोष्टी धरतो. एक बाजूला ठेवून उघड्या पाठीनं समोर गेलो तर माणूस म्हणतो, हा तो नव्हेच.

पुढच्या वर्षी पुन्हा भाद्रपद. पर्व संपल्यावर मास्तरांनी मला घरी बोलावलं. दिवाळीपासून आम्ही वर्गाच्या वेळापत्रकापलीकडं बोललो नव्हतो. पेरूखाली खुर्च्या. ऊन तेच, तिखट. दोरीवर फडकी. मास्तरांनी चित्र गुंडाळून आणलं होतं.

“हे तुमचं तुमच्याजवळ असू द्या,” ते म्हणाले. “माझ्याकडं ठेवून काय उपयोग न्हाई.”

मी ते घेतलं. ‘बरं’ म्हणालो, आणि मी एवढंच बोललो हे कंग्राळीत कोणी ऐकलं तर दहानंच काय, शंभरानं भागतील. तेवढ्यात परसाच्या दारात म्हादू उभा राहिला. मीठ उतरवून आला होता. हातात तोच छोटा गडू.

“आक्का,” त्यानं आत हाक मारली. “ह्यो गडू वरीसभर मोटरीतच ऱ्हायला. घ्या. न्हायतर यंदाबी काय सोडायचं असलं तर सांगा, आजच निघालोय खाली.”

आक्का हात पुसत बाहेर आल्या. मास्तर म्हणाले, “काय सोडायचं, म्हादू? कुठं?”

“दर्यात की. गेल्या साली आक्कांनी गडू दिलता. म्हणल्या, वरनं टाकायचं न्हाय, पाण्यापातुर वाकून सोडायचं. वाकलो की, गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरून. लाट आली, माझं एक पायताण गेलं. पर गडवातलं हळूच सोडलं बघा, आक्का. अंबाबाईची आण.”

मास्तर खुर्चीवरनं उठले नाहीत. नुसते बघत राहिले, आधी गडवाकडं, मग दोरीवरच्या फडक्यांकडं, मग माझ्या हातातल्या गुंडाळीकडं. माझ्याकडं बघायला त्यांना थोडा वेळ लागला. मी गुंडाळी उलगडली आणि आक्कांच्या पुढं धरली. बोट कुठंच ठेवलं नाही.

आक्कांनी चित्र डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितलं, जसं त्या रोज फडकं बघायच्या. मग पाठीवरच्या त्या दोन दोऱ्यांवर, आकड्यांवर, आपलं बोट ठेवलं.

“आक्का,” मास्तर म्हणाले. आवाज पुन्हा पहिल्या बाकापुरता झाला होता. “हे त्या फडक्यात होते?”

“व्हते की. दोन. गंजात माखलेले.”

“मग तू ते आडात का न्हाई सोडलेस?” हे मास्तरांनी का विचारलं, देव जाणे. आड उपसून काढता आला असता, असं काहीतरी मनात असेल.

आक्कांनी म्हादूच्या हातातनं गडू घेतला आणि आत जायला वळल्या.

“समुद्राचे व्हते,” त्या म्हणाल्या. “समुद्राला धाडले.”